मिस लायक

पहिल्या दिवशी ती म्हणाली, "गुड मॉर्निंग, मिस लायक."
नायक, मी म्हटलं. ना-यक.
"लायक," ती म्हणाली, आणि खुशीत वही उघडली.

वास्कोत, औषधांच्या दुकानावरची माझी खोली.
खाली खोकल्याची बाटली मागणारे आवाज,
वर आम्ही दोघी
एका अक्षरासाठी जिभा वाकवत बसलेल्या.
बंदरातल्या नव्या क्रेनबरोबर ती आली, हुनानहून,
आठ महिन्यांसाठी.
क्रेनचं तिला सगळं कळतं. क्रेनलाही तिचं कळतं.
फक्त वॉकीटॉकीवरच्या माणसांना कळत नाही
की ती लाइट म्हणते तेव्हा
दिवा लावायचा, की रात्रपाळी धरायची.

गेटपासवर तिचं आडनाव लिहिलंय: चाय.
रखवालदार रोज विचारतो, साखर किती?
मी फळ्यावर च काढला.
सांगितलं, आमच्याकडेही हे दोघे एकाच कपड्यात फिरतात.
चंद्रातला वेगळा, चांदण्यातला वेगळा,
लिहिताना कुणी फरक करत नाही.
तुझा चांदण्यातला.
तिने दोन्ही म्हणून दाखवले, पहिल्याच फटक्यात,
इतके स्वच्छ
की मीच डिचोलीच्या शाळेत मागच्या बाकावर जाऊन बसले.

मग आघात.
एक्स्पोर्ट म्हण, म्हटलं.
ऐ-क-स-पो-त.
पाच अक्षरं, पाचही मान वर करून उभी.
"आमच्याकडे प्रत्येकाला आपापला चढ, आपापला उतार," ती म्हणाली,
"यातल्या कुणाला खाली ढकलू?"
मला पटलं तिचं.
मराठीसुद्धा पंगत मांडते, सगळ्यांच्या पानात सारखा भात.
इंग्रजी एकालाच तूप वाढते,
बाकीच्यांना वाटी नुसती दाखवून पुढे जाते.

टेबल वाजवून झालं. रबरबँड ताणून झाला, तुटला.
शेवटी खिडकीखालून सायकलवर पोदेर गेला:
पोंऽऽ-पों.
थांब, मी ओरडले. हा माल. जहाजात भरलेला.
आणि तो पों-पोंऽऽ असा वाजला असता
तर ती पाठवण्याची क्रिया.
दुसऱ्या दिवशी पहाटे ती पोदेराच्या मागे मागे
बायण्यापर्यंत चालत गेली.
सहा उंडे घेऊन आली,
आणि दोन्ही एक्स्पोर्ट.

उंडे चहात बुडवताना तिने विचारलं,
इथून काय जायचं?
माती, मी म्हटलं. लाल.
माझा बाप टिपर चालवायचा, खाणीवरून नदीच्या धक्क्यापर्यंत,
दिवसाला सात खेपा.
त्याचा पांढरा शर्ट पांढरा असलेला मी कधी पाहिला नाही.
तुमच्याकडेच जायची ती माती.
ती बराच वेळ बशीकडे बघत राहिली.
"माय फादर," म्हणाली, "भट्टीवर होता."
फादरमधला जोर अचूक पडला होता.
तो शब्द मी अजून घेतलाच नव्हता.

शेवटच्या दिवशी
ती जिन्याच्या तोंडाशी उभी राहिली, हत्यारांची पेटी खांद्याला.
जीभ दातांमागे टेकवली, नीट, मला दिसली,
आणि म्हणाली,
"थँक यू, मिस नायक."

न.
स्वच्छ, कोरा,
बापाच्या रेशनकार्डावरचा.
आठ महिने फी घेऊन
मी माझी लायकी घालवून बसले होते.

"व्हेरी गुड," मी म्हटलं.
दोनातल्या कुठल्या शब्दावर जोर द्यायचा
ते मलाच आठवेना.